कंठाभरण ते डेम्लो : एका सतरा अंकी संख्येचा वाङ्मयीन इतिहास

१

प्रस्तुत निबंधाचा विषय १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या आहे. एक हा अंक नऊ वेळा लिहून सिद्ध होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग होय. तिचे अंक एकापासून नवापर्यंत चढत जातात आणि नवापासून एकापर्यंत उतरत येतात. त्यामुळे ती डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, वाचन एकच होते. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग; आणि या ८१ ने तिला निःशेष भाग जातो. मधला ९ बाजूला ठेवून दोन्ही अंगांचे आठ-आठ अंक एकत्र मिळवले, म्हणजे १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज केली, तर ९९९९९९९९ येते. मधल्या अंकाचीच ती आवृत्ती असते.

दख्खनच्या ज्ञानपरंपरेत हा आकृतिबंध किमान दोनदा विशेष नाव मिळण्याइतका महत्त्वाचा ठरला. पहिल्यांदा नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या कर्नाटकात, महावीराचार्याच्या ‘गणितसारसंग्रहा’त, आणि दुसऱ्यांदा विसाव्या शतकात, नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळाशिक्षकाच्या लेखनात. एकाने त्याला अलंकाराचे नाव दिले, दुसऱ्याने रेल्वे स्थानकाचे. या दोन नामकरणांमधील अंतर आणि त्यांतील साम्य तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला एका जुन्या प्रश्नाकडे नेते. जे सौंदर्य विशिष्ट लिपीवर, विशिष्ट भाषेवर किंवा विशिष्ट लेखनपद्धतीवर अवलंबून असते आणि म्हणून अनुवादात टिकत नाही, ते गौण मानावे काय? काव्यशास्त्राने आणि गणिताने आपापल्या क्षेत्रांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘होय’ असेच दिले आहे. या उत्तराची फेरतपासणी करणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२

महावीराचार्याचा काळ इ. स. ८५० च्या सुमाराचा. ग्रंथारंभी त्याने राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याची स्तुती केली आहे. या सम्राटाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. ‘गणितसारसंग्रह’ एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये मद्रास येथून प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभीच्या भागात गणिताचे महत्त्व सांगताना महावीराचार्य व्यापार आणि ज्योतिष यांवर थांबत नाही. संगीत, नाट्य, पाककला, वैद्यक, वास्तुविद्या यांच्याबरोबरच छंद, अलंकार, काव्य आणि व्याकरण या शास्त्रांतही गणिताचा आदर होतो, असे तो सांगतो. आज ज्या विद्याशाखा परस्परांना अपरिचित झाल्या आहेत त्या त्याच्या यादीत शेजारी-शेजारी बसलेल्या दिसतात.

गुणाकाराची उदाहरणे देताना त्याने काही गुणाकार केवळ उत्तराच्या रूपासाठी निवडले आहेत. १५२२०७ ला ७३ ने गुणले की ११११११११ मिळते. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की १००००००००१ मिळते. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ मिळते. अशा उत्तरांना तो कंठाभरण, कंठिका अशी गळ्यातील अलंकारांची नावे देतो. शेवटच्या उदाहरणातील संख्या म्हणजे सहा एककांच्या ११११११ या संख्येचा वर्ग होय. आपल्या सतरा अंकी संख्येची ती धाकटी बहीण आहे. तिचे वर्णन तो एकापासून सहापर्यंत वाढत जाऊन पुढे क्रमाने उतरणारी अशा शब्दांत करतो.

या वर्णनाचा एक गुण सहज नजरेतून सुटतो. संस्कृत पद्यात मोठी संख्या शब्दांनी सांगताना अंक एककस्थानापासून, म्हणजे उजवीकडून डावीकडे सांगण्याचा प्रघात आहे. श्लोकातील क्रम आणि पाटीवरील क्रम त्यामुळे परस्परांच्या उलट असतात. दोन्ही दिशांनी सारखीच असणारी संख्या मात्र या उलटापालटीपासून मुक्त असते. गळ्यातील हारालाही उजवी-डावी बाजू नसते; मध्यभागी पदक आणि दोन्हीकडे उतरत जाणारे मणी. कंठाभरण हे नाव त्या दृष्टीने शोभेपुरते नाही, ते संख्येच्या रचनेचे अचूक वर्णन आहे.

याच दरबारात ‘कविराजमार्ग’ सिद्ध झाला. कन्नड भाषेतील उपलब्ध ग्रंथांमध्ये सर्वांत प्राचीन ठरलेला हा काव्यशास्त्रीय ग्रंथ नृपतुंगाच्या नावाशी जोडला जातो आणि त्याच्या रचनेचे श्रेय बहुतेक अभ्यासक श्रीविजय या कवीला देतात. कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा प्रदेश तो कन्नडचा प्रदेश म्हणून सांगतो, ही गोष्ट मराठी वाचकाला परिचित आहे. त्याने दंडीच्या ‘काव्यादर्शा’चा मोठा आधार घेतला आहे. दंडीचा तिसरा परिच्छेद यमक, चित्र आणि प्रहेलिका यांना वाहिलेला आहे. म्हणजे अक्षरांच्या मांडणीतून निर्माण होणाऱ्या चमत्कृतीला शास्त्रात हक्काचे स्थान देणारी परंपरा आणि अंकांच्या मांडणीतून निर्माण होणाऱ्या चमत्कृतीला अलंकाराचे नाव देणारा गणिती, हे एकाच राजवटीचे समकालीन आहेत.

त्याच शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनिसिद्धांत मांडला आणि चित्रकाव्याला खऱ्या काव्याच्या बाहेर उभे केले. पुढे मम्मटाने काव्याच्या तीन श्रेणी ठरवताना चित्राला सर्वांत खालची श्रेणी दिली. भारतीय साहित्यविचारात हाच निवाडा प्रमाण ठरला आणि आधुनिक मराठी समीक्षेनेही तो बव्हंशी स्वीकारला.

३

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९२७ मध्ये त्यांना गणितातील स्वतंत्र कार्यासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० ते १९६२ या काळात ते देवळाली येथे शाळाशिक्षक होते. १९८६ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. आपल्या पुस्तिका त्यांनी बहुतांशी स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या.

ज्या संख्येचे तीन भाग पडतात आणि पहिल्या व शेवटच्या भागांची बेरीज मधल्या भागातील अंकाचीच आवृत्ती असते, अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटले. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. या संख्यांची कल्पना त्यांना जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्थानकावर सुचली त्याचे ते नाव, आजचे डोंबिवली. या कुळातील १, १२१, १२३२१ अशी चढत जाणारी आणि १२३४५६७८९८७६५४३२१ येथे पूर्णत्वाला पोहोचणारी मालिका त्यांनी ‘अद्भुत डेम्लो’ म्हणून वेगळी काढली.

कापरेकरांच्या नामकरणात एक लक्षणीय सातत्य आहे. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. जी दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जन्माला येत नाही ती ‘स्वयंभू’. जिच्या वर्गाचे तुकडे पाडले असता प्रत्येक तुकडा पुन्हा वर्गच असतो ती ‘दत्तात्रय’, जशी १३, कारण १६९ मध्ये १६ आणि ९ हे दोन्ही वर्ग आहेत. देवस्थानांच्या, स्थलपुराणांच्या आणि घरगुती भाषेतून ही नावे आली आहेत. स्वयंभू हा शब्द लिंगाला किंवा मूर्तीला लावण्याची सवय असलेल्या समाजालाच तो १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या संख्यांना लावण्याचे सुचू शकते.

या नावांचे पुढे काय झाले, हाही साहित्येतिहासाचाच विषय आहे. हर्षद संख्या इंग्रजी ग्रंथांत १९७७ नंतर आयव्हन निव्हेन यांच्या नावानेही ओळखल्या जाऊ लागल्या. स्वयंभू संख्यांचा प्रश्न १९७४ मध्ये कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी स्वतंत्रपणे मांडला आणि त्यांना ‘कोलंबियन’ हे दुसरे नाव पडले. कापरेकरांचे नाव सर्वदूर पोहोचले ते मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर. परिघावर निर्माण झालेल्या कृतीला केंद्राने ओळखल्यावरच मान्यता मिळावी, हा साहित्यात नेहमी दिसणारा क्रम येथेही दिसतो.

४

कापरेकरांच्या प्रकारच्या संशोधनावरील सर्वांत प्रभावी आक्षेप त्यांचे नाव न घेता, त्यांच्या प्रसिद्धीच्या आधीच नोंदवला गेला होता. केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचे उदाहरण दिले आहे. आपल्याच अंकांच्या उलट क्रमाने बनलेल्या संख्येच्या पूर्ण पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच : ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. कोडी आवडणाऱ्यांना यात मौज वाटेल, परंतु गणितज्ञाला त्यात काही सापडणार नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. गुणधर्म गंभीर ठरतो तो व्यापकतेमुळे आणि खोलीमुळे. दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून असलेल्या गोष्टींत या दोहोंचा अभाव असतो, हे त्यांचे तत्त्व.

या निवाड्यात तथ्य किती, हे हार्डींशीच निगडित असलेल्या १७२९ या संख्येवरून तपासता येते. १७२९ ही १२ व १ यांच्या घनांची तशीच १० व ९ यांच्या घनांची बेरीज आहे, ही श्रीनिवास रामानुजन यांची नोंद सर्वश्रुत आहे. हा गुणधर्म संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी टिकतो. रोमन अंकांत लिहा किंवा खड्यांनी मांडा. हीच १७२९ कापरेकरांच्या अर्थाने हर्षदही आहे : तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. हा दुसरा गुणधर्म मात्र दहाच्या पायाला बांधलेला आहे. एकाच संख्येच्या ठिकाणी एक अनुवादक्षम आणि एक अनुवादाला दाद न देणारा असे दोन गुण एकत्र नांदतात.

आनंदवर्धन आणि हार्डी यांच्यात अकरा शतकांचे अंतर आहे आणि त्यांचे विषयही भिन्न आहेत. तरी दोघांची मूल्यश्रेणी एकाच दिशेने उतरते. आशय वर आणि मांडणी खाली; जे माध्यमापलीकडे जाते ते श्रेष्ठ, जे माध्यमात अडकते ते खेळ. हे साम्य प्रभावातून आलेले नाही, ते विचाराच्या घडणीचे साम्य आहे. त्याचप्रमाणे महावीराचार्य आणि कापरेकर यांची येथे केलेली तुलनाही प्रभावावर आधारलेली नाही.

५

माध्यम बदलले की नेमके काय हरवते, हे तीन उदाहरणांतून पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिले उदाहरण संख्यावाचनाचे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची अठरा नावे आहेत. त्या नावांनी आपली संख्या वाचली तर एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटि, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक असे वाचन होते. चढ-उतार कानाला स्पष्ट ऐकू येतो. आजच्या मराठीत आपण स्थाने दोन-दोन अंकांनी जोडतो. म्हणून तीच संख्या बारा पद्म, चौतीस नील, छप्पन खर्व, अठ्ठ्याहत्तर अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस अशी वाचली जाते. कागदावर काहीही बदललेले नाही. तरी कानापुरता हार तुटला आहे.

दुसरे उदाहरण काव्याचे. पार्थपूर, म्हणजे परभणी जिल्ह्यातील पाथरी, येथील सूर्य पंडित हा सोळाव्या शतकातील ज्योतिषी. ‘सिद्धांतसुंदर’कार ज्ञानराज हा त्याचा पिता. त्याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ ही (१५३८) आणि लीलावतीवर ‘गणितामृतकूपिका’ ही (१५४१) टीका लिहिली. याच पंडिताने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. ते सुलट वाचले तर रामकथा आणि उलट वाचले तर कृष्णकथा. येथे उलटायचे एकक अक्षर हे आहे, सुटा ध्वनी नव्हे. ‘राम’ उलटला की ‘मरा’ होतो, हे वाल्मीकीच्या कथेमुळे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. तेच नाव रोमन लिपीत लिहून एकेक वर्ण उलटवला तर ‘मरा’ हाती येत नाही. देवनागरीचे अक्षर हा या काव्याचा पाया आहे, जसा दहा हा आपल्या संख्येचा पाया आहे. लीलावतीचा शेवटचा भाग अंकपाश, म्हणजे दिलेल्या अंकांच्या सर्व मांडण्यांचे गणित, हा आहे. ३, ९ आणि ८ या अंकांपासून सहा संख्या होतात आणि त्यांची बेरीज ४४४० येते, अशा स्वरूपाचे ते प्रश्न. त्यावर भाष्य करणाऱ्यानेच विलोमकाव्य रचावे, यात नवल वाटण्याचे कारण नाही.

तिसरे उदाहरण आजचे आहे. बंगळूरच्या पूर्वेला बाह्य वर्तुळमार्गावर मारतहळ्ळी हे उपनगर आहे. मराठी कानाला त्या नावात ‘मराठा’ ऐकू येतो; पण नादसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, ही सावधगिरी तौलनिक अभ्यासकाने बाळगलीच पाहिजे. एके काळचे हे खेडे आज संगणक-व्यवसायाच्या पट्ट्यात मोडते आणि तेथे अनेक मराठी कुटुंबे स्थायिक आहेत. तेथील यंत्रे दोनाच्या पायावर चालतात. १९८५ च्या आय-ट्रिपल-ई ७५४ या प्रमाणकानुसार चौसष्ट बिटांच्या चल-दशांश स्वरूपात संख्येच्या मूल्यांकासाठी त्रेपन्न द्विमान स्थाने मिळतात. दोनाचा त्रेपन्नावा घात ९००७१९९२५४७४०९९२ इतका आहे. आपली संख्या त्याहून मोठी आणि शिवाय विषम. आणि या मर्यादेपलीकडच्या टप्प्यात त्या स्वरूपात केवळ सम पूर्णांक मावतात. म्हणून जावास्क्रिप्टसारख्या भाषेत ही संख्या नेहमीच्या पद्धतीने लिहिली की यंत्र १२३४५६७८९८७६५४३२० असे उत्तर देते. अखेरचा एक गळून जातो आणि त्याच्याबरोबर दोन्ही दिशांचे वाचनही. यंत्राच्या दृष्टीने ही चूक नगण्य आहे, कारण त्याला राशीचे परिमाण जपायचे असते. रूप जपायचे असेल तर पूर्णांकाचा वेगळा प्रकार योजावा लागतो, आणि तो योजला की संख्या जशीच्या तशी राहते. अनुवादकालाही हाच निर्णय घ्यावा लागतो : काय जपायचे हे आधी ठरवल्याशिवाय काय हरवले हे सांगता येत नाही.

६

येथवरचे विवेचन हार्डींच्या बाजूचे वाटेल. परंतु आपल्या संख्येचा आकार येतो कोठून, हे पाहिले की चित्र पालटते. १११११११११ ला स्वतःनेच शाळेच्या पद्धतीने गुणावे. एकेक स्थान डावीकडे सरकत जाणाऱ्या नऊ ओळी तयार होतात आणि उभ्या स्तंभांत अनुक्रमे एक, दोन, तीन असे नऊपर्यंत आणि पुन्हा उतरत एकापर्यंत एकक जमतात. कोणत्याही स्तंभाची बेरीज नवाच्या पुढे जात नाही. म्हणून हातचा येत नाही आणि स्तंभांची मोजदाद उत्तरात जशीच्या तशी उमटते. दहा एककांची ओळ घेतली की मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा जन्माला येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे होते. आपली संख्या म्हणजे हातच्याने स्पर्श न केलेली या मालिकेतील शेवटची संख्या. दहाऐवजी सोळाचा पाया घेतला तर ही मर्यादा पंधरा एककांवर जाते. आठाचा घेतला तर सातांवर येते. स्तंभांची चढ-उतार सर्वत्र तीच. ती कोठे मोडते एवढेच त्या-त्या पायावर ठरते. १२३४५६७८९८७६५४३२१ ही अंकमाला दहाची आहे, पण तिच्यामागील रचना कोणत्याही एका पायाची मिरास नाही. ओवी दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. तरी प्रत्येक भाषेला आपला छंद असतो, आणि छंद का निर्माण होतो हे विचारता येते.

कापरेकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांनी हाच मुद्दा अधिक स्पष्ट केला आहे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ व १२२४४९ मिळून पुन्हा १४२८५७. वर्गाचे दोन तुकडे पाडून मिळवले की मूळ संख्या येते, याचा अर्थ असा की संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांचा गुणाकार ९९, ९९९, ९९९९९९ अशा नवांच्या ओळीने निःशेष भागला जातो. १४२८५७ च्या बाबतीत ९९९९९९ म्हणजे तिची सातपट, आणि तिच्या आधीची १४२८५६ ही ७ गुणिले २०४०८. कारण उघड झाले. डग्लस इयानुची यांनी २००० मध्ये दाखवले की या संख्यांची संपूर्ण यादी नवांच्या ओळींच्या विभाजकांवरून सिद्ध करता येते. आणि दोनाच्या पायावर हीच व्याख्या लावली तर ६, २८ यांसारख्या सर्व सम परिपूर्ण संख्या तिच्यात बसतात. ज्या परिपूर्ण संख्यांचा विचार युक्लिडने केला त्यांच्यापर्यंत देवळालीची वाट जाऊन पोहोचते. आणि हार्डींनी बाजूला सारलेली ९८०१? ती ९९ चा वर्ग आहे, आणि ९८ व ०१ मिळून ९९ होतात.

१९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी मांडलेला ६१७४ चा सिद्धांतही याच जातीचा. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करावी आणि हीच कृती पुन्हा करीत राहावी. लीलावतीचे वर्ष ११५० घेतले तर ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ असे टप्पे घेत सहाव्या वजाबाकीला ६१७४ येते, आणि पुढे तेच येत राहते. सातांहून अधिक वजाबाक्या कधीच लागत नाहीत.

यावरून सर्व अंकचमत्कार सारख्या योग्यतेचे ठरतात, असे मात्र नाही. काही खरोखरच केवळ योगायोग असतात, जशी काही चित्रकाव्ये केवळ कसरत असतात. भेद करायचा तर तो माध्यमबद्ध आणि माध्यममुक्त असा करून भागणार नाही. ज्या रूपाच्या मुळाशी जाता येते ते आणि ज्याच्या मुळाशी काही नाही ते, असा करावा लागेल. या कसोटीला कंठाभरण उतरते, डेम्लो उतरते आणि पार्थपूरच्या पंडिताचे विलोमकाव्यही उतरते, कारण त्याने अक्षराचा स्वभाव पणाला लावला आहे. मराठीच्या वाङ्मयेतिहासात चित्रबंध, कोडी, उखाणे आणि अंकांचे खेळ यांना आपण तळटीपेची जागा दिली. देवळालीच्या शिक्षकाला तर तीही दिली नाही, कारण त्यांचे लेखन इंग्रजीत आणि गणिताचे. तरीही हर्षद आणि स्वयंभू हे शब्द मराठी-संस्कृत भांडारातून उचलून त्यांनी जगाच्या परिभाषेत नेले. त्यांची दखल घेताना आपली श्रेणीव्यवस्था कोठून आली, आणि तिने कोणाला बाहेर ठेवले, हे तपासावे लागेल.